काचबिंदूचं ऑपरेशन, तबल्याची वादी आणि तात्यांचे दोन चष्मे

तात्यांनी टेबलावर दोन चष्मे ठेवले. "हा जुना. ह्यातनं दिसंना. आन् हा नवा. ह्यातनं त्याहून दिसंना." मग खुर्चीत मागं रेलून त्यांनी खरा प्रश्न विचारला, "पोरी, खरं सांग. ऑपरेशन फसलं का?"

तात्या तासगावकडचे. सत्तरी गाठलेली, द्राक्षबाग आता मुलगा बघतो. गावच्या भजनी मंडळात मात्र तबल्यावर अजून तेच बसतात. सात आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं काचबिंदूचं ऑपरेशन मिरजेला झालं होतं. मी सांगलीत डोळ्यांचे नंबर काढते. ऑपरेशन करणं माझं काम नाही, पण ऑपरेशननंतर "दिसत का नाही" हा प्रश्न घेऊन माणसं पहिल्यांदा बहुतेक आमच्याकडेच येतात.

फाइल उघडली. ऑपरेशनच्या आधी तीन प्रकारचे थेंब घालूनही डोळ्यातलं प्रेशर २८ होतं. आता एकही थेंब न घालता १२. ज्यासाठी ऑपरेशन केलं ते काम तर झालं होतं. तरीही समोरच्या तक्त्यावरच्या अक्षरांना तात्यांना खाली-वर सावली दिसत होती. 'प' आहे की 'ष' आहे, ते ठरत नव्हतं. ही सावली येते कुठून, याबद्दल हा लेख आहे.

आधी एक घोळ मिटवायला हवा, कारण निम्मी निराशा तिथूनच येते. मोतीबिंदूचं ऑपरेशन गावोगावी सगळ्यांनी पाहिलेलं असतं. शेजारच्या काकूंची पट्टी दुसऱ्या दिवशी निघते आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी वाचून दाखवतात. गढूळ भिंग काढून नवं बसवलं की दिसायला लागतं, हिशोब सरळ आहे. काचबिंदूचं तसं नाही. त्यात डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते, आणि गेलेली नस कुठल्याही ऑपरेशननं परत येत नाही. ऑपरेशन करायचं ते उरलेली नस वाचवण्यासाठी. म्हणजे सगळं उत्तम पार पडलं, तरी दिसायचं तेवढंच दिसणार, आणि पहिले काही आठवडे त्याहूनही थोडं कमी. हे ऑपरेशनच्या आधी नीट कानावर घातलं नाही, तर पेशंट काकूंच्या कॅलेंडरशी तुलना करत बसतो.

नस मरते का? डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं आणि बारीक जाळीतून निचरा होऊन रक्तात जात असतं. मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, दिवसभराचं मोजलं तर तीनएक मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाही भरत नाही. एवढ्याशा पाण्याचा निचरा तुंबला की प्रेशर वाढतं. साधारण १० ते २१ हा आकडा नेहमीचा मानतात. त्यातल्या आकड्यावरही काही जणांची नस मरते आणि २४ असूनही काहींची शाबूत राहते, म्हणून नुसत्या आकड्यावरून काचबिंदू ठरत नाही. पण उपचार म्हणून आपल्या हातात असतं ते प्रेशर उतरवणं. थेंबांनी, लेझरनं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर ऑपरेशननं.

तात्यांचं झालं त्या ऑपरेशनला ट्रॅबेक्युलेक्टॉमी म्हणतात. केंब्रिजच्या केर्न्स नावाच्या सर्जननं १९६८ साली ते ज्या स्वरूपात मांडलं, त्याचा गाभा आजही तोच आहे. वरची पापणी उचलली की बुबुळाच्या वरच्या कडेला डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. त्यावरचं पातळ आवरण बाजूला करतात. मग पांढऱ्या भागाच्या निम्म्या जाडीचं, तीन-चार मिलिमीटरचं एक झाकण उचलतात, शर्टाच्या खिशाला असतं तसं. त्याची बिजागरी बुबुळाच्या कडेला असते. झाकणाखाली आरपार छोटी खिडकी पाडतात, झाकण पुन्हा खाली टाकून टाके घालतात आणि वरून ते पातळ आवरण पांघरतात. आतलं पाणी झाकणाच्या कडांतून झिरपून आवरणाखाली जमतं आणि तिथं एक लहानसा फुगा तयार होतो. पापणीखाली लपलेला हा फुगा म्हणजेच नवा निचरा.

या ऑपरेशनची एक गंमत आहे. बाकी कुठलीही जखम लवकर भरावी म्हणून आपण धडपडतो, इथं ती पुरती भरू नये म्हणून धडपड असते. जखम भरली की वाट बुजली. म्हणून बऱ्याचदा मायटोमायसिन नावाचं औषध, जे मुळात कॅन्सरसाठी वापरतात, ते बोळ्यानं एक ते तीन मिनिटं त्या जागी ठेवून धुऊन टाकतात. त्यानं व्रण धरायचं काम मंदावतं.

आणि टाके. १०-० नायलॉनचा धागा, केसाहून बारीक. इतका बारीक की खाली पडला तर परत सापडत नाही. हे टाके सर्जन पहिल्यांदा मुद्दाम जरा घट्टच ठेवतात. सैल ठेवले तर पहिल्याच दिवशी पाणी धो-धो वाहून डोळा मऊ पडेल. नंतर प्रेशर बघत बघत, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, एकेक टाका लेझरनं तोडतात, किंवा ओढून काढायचा असेल तर ओढून काढतात. धरणाचे दरवाजे एकदम उघडत नाहीत, तसंच. कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळं समजवायला लागत नाही.

आता कॉर्निया. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखी जी पारदर्शक काच असते, ती. साडेअकरा-बारा मिलिमीटर रुंद, मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड. प्रकाश वाकवायच्या कामातला जवळजवळ दोन-तृतीयांश वाटा एकट्या तिचा. डोळ्याची एकूण ताकद साठएक डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं माप) धरली तर त्यातले ४३-४४ तिचेच. आतलं भिंग, ज्याच्या ऑपरेशनची एवढी चर्चा होते, ते खरं तर दुय्यम.

ही काच सगळीकडून सारखी गोल असेल तर समोरच्या ठिपक्याचा डोळ्यातल्या पडद्यावर ठिपकाच उमटतो. पण ती आडव्या दिशेनं एक आणि उभ्या दिशेनं दुसरी अशी वेगवेगळी वाकलेली असली, की ठिपक्याची रेघ होते. हाच ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे चष्म्याच्या कागदावर 'सिलिंडर' म्हणून लिहिलेला नंबर. भजे आणि वडा एकाच घाण्यातले असले, तरी वडा गोल आणि भजं लांबट. कॉर्निया वड्याकडून जरा भज्याकडे सरकली की सिलिंडर आला. उपमा मला स्वतःला फारशी आवडलेली नाही, पण पेशंट हसतात आणि लक्षात ठेवतात.

तात्यांसाठी मात्र याहून चांगली उपमा त्यांच्या घरीच होती. मी विचारलं, "तात्या, तबला सुरात आहे की नाही, कसं बघता?"

"घरं बघायची की," ते म्हणाले. "सोळा घरं. एकेका घरावर बोट मारत फिरायचं. एक जरी चढं लागलं तरी पुडी बोलत न्हाई."

"आणि चढं कशानं होतं?"

"वादी त्या बाजूला ताणली गेली की."

तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, कडेनं वादीनं, म्हणजे चामड्याच्या पट्टीनं ताणलेली असते. ताण सगळीकडून सारखा, म्हणून सोळाही घरं एका सुरात. पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर एकाच जागी हातोडी बसली तर तिथला सूर चढतो, आणि नुसता तेवढाच बिघडत नाही, समोरच्या घरावरही त्याचा परिणाम होतो. कॉर्नियाची पुडीही अशीच कडेनं पांढऱ्या भागात बसवलेली आहे. काचबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्या कडेला, वर, घड्याळातल्या बाराच्या जागी. म्हणजे सर्जननं बाराच्या घराची वादी ताणली. पुडी फाटली नाही, शाई उडाली नाही, खोडाला चीर नाही. घरं तेवढी एकमेकांशी मिळेनात.

उपमा इथपर्यंतच ओढायची. चामडं ताणलं की सपाट होतं, पण घट्ट टाक्यानं कॉर्नियाची त्या दिशेची वाकण उलट वाढते. विश्वास बसत नसेल तर प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या, दोन्ही टोकं धरा आणि जरा जवळ आणा. मध्ये ती फुगून वर येते. घट्ट टाका आपल्या जागी मांस आवळतो, तिथली कमान आखूड होते आणि मधला भाग जास्त वाकतो. उलट, काप जरा सैल राहून उघडा पडला, तर टोकं लांब जातात आणि ती दिशा सपाट होते. कुठल्याही डोळ्याच्या ऑपरेशननंतर नंबर कुठल्या बाजूला सरकेल, ते या दोन वाक्यांवरून बऱ्यापैकी ओळखता येतं.

ट्रॅबेक्युलेक्टॉमीनंतर उभ्या दिशेची वाकण वाढते, हे १९९० च्या दशकात बऱ्याच सर्जननी मोजून दाखवलं. त्याचं खापर एकट्या टाक्यावर फोडता येत नाही. झाकणाखालून तुकडा काढलेला असतो, त्यामुळे बुबुळाची वरची कड आधार सुटून किंचित खचते. रक्त थांबवण्यासाठी त्या जागेला चटका देतात, त्यानं मांस आकसतं. पाण्याचा फुगा मोठा असेल तर पापणी त्याच्यावर रेलते आणि तो फुगा कॉर्नियावर. एखाद्या डोळ्यात यातलं एक कारण जोरात असतं, दुसऱ्यात भलतंच. टाके तोडल्यावर पुष्कळांचा नंबर उतरतो, यावरून टाक्याचा वाटा मोठा असणार हे मात्र दिसतं.

किती फरक पडतो? बहुतेकांत एक-दीड डायॉप्टरच्या आसपास, काहींत दोनच्या पुढे, काहींत जाणवण्याइतकाही नाही. डायॉप्टर हा शब्द हवेत राहतो, म्हणून आकडा करून बघू. कॉर्नियाच्या वाकणीची त्रिज्या साधारण ७.८ मिलिमीटर असते. आमच्या यंत्रात ३३७.५ ला त्रिज्येनं भागतात आणि ताकद काढतात. ३३७.५ भागिले ७.८ म्हणजे ४३.२७. आता उभ्या दिशेची त्रिज्या ७.६ झाली तर ४४.४१. फरक १.१४ डायॉप्टर. मिलिमीटरचे दोन दशांश, पोस्टकार्डाच्या जाडीएवढं काहीतरी, आणि तेवढ्यावर वर्तमानपत्र वाचायचं बंद होतं.

हा फरक चित्रात बघायचा असेल तर टोपोग्राफी नावाची तपासणी असते. डोळ्यासमोर गोल-गोल कडी दाखवतात, कॉर्नियावर त्यांचं प्रतिबिंब पडतं आणि यंत्र त्यावरून रंगीत नकाशा काढतं. जास्त वाकलेलं ते लाल, सपाट ते निळं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यातला नकाशा बघितला की मधोमध उभा डमरू दिसतो, लालसर. पुढच्या महिन्यांत तो डमरू फिका होत जातो.

आता जो भाग समजायला सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडता आहे, तिकडे येते. तरुण वयात बहुतेकांची कॉर्निया उभ्या दिशेनं जरा जास्त वाकलेली असते. वय वाढतं तसं हे उलटतं आणि म्हातारपणी आडवी दिशा जास्त वाकते. काचबिंदूचं ऑपरेशन बहुतेक उतारवयात होतं, म्हणजे आडव्या डोळ्यात आपण उभी वाकण घालतो. मग काय होईल?

समजा एका आजींना आधी आडव्या दिशेनं पाऊण डायॉप्टर जास्त होतं. कागदावर 'उणे ०.७५, ९० अंश' (कागदावर सपाट दिशेचा अंश लिहितात, म्हणून आडवं जास्त तर ९०, उभं जास्त तर १८०). ऑपरेशननं उभ्या दिशेनं एक डायॉप्टर वाढवलं. पाऊण एकमेकांत जिरलं, पाव उरलं, आणि तेही उभ्या बाजूनं. नवा नंबर 'उणे ०.२५, १८० अंश'. आजी म्हणतात, "बिनचष्म्याचं झकास दिसतंय." शेजारच्या खाटेवरच्या काकांना आधीच उभ्या दिशेनं अर्धा होता. त्यात तोच एक डायॉप्टर मिळाला, झाला दीड. काका म्हणतात, "डॉक्टरनं वाट लावली." सर्जन तोच, हात तोच, बदल अगदी तेवढाच.

नुसते आकडे वजा केले तर आजींचा सिलिंडर पाऊणचा पाव झाला, म्हणजे बदल अर्धा, असं वाटेल. खरा बदल एकचा आहे. सिलिंडरला आकडा असतो तशी दिशाही असते, म्हणून त्याची बेरीज-वजाबाकी नुसत्या आकड्यांची करून चालत नाही. नदी ओलांडणारी होडी वल्ह्यानं एकीकडे जाते, प्रवाहानं दुसरीकडे, आणि लागते तिसऱ्याच घाटाला, तसं हे. ज्यांचा जुना नंबर तिरक्या दिशेचा असतो, त्यांचा तर आकडा जवळपास तोच राहून नुसती दिशाच वीस-तीस अंशांनी फिरते. कागदावर काही बदललेलं दिसत नाही आणि चष्म्यातून काही दिसत नाही.

तात्यांच्या दोन चष्म्यांचं कोडं इथं सुटलं. ऑपरेशनच्या आधीचा नंबर 'उणे ०.७५, ९० अंश'. तो जुना चष्मा. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात त्यांचा मुलगा हौसेनं त्यांना एका दुकानात घेऊन गेला आणि तिथं यंत्रावर आला 'उणे १.००, १८० अंश'. म्हणजे एकूण पावणेदोन डायॉप्टरची उलथापालथ. त्या दिवसापुरता तो नंबर बरोबरच होता. दुकानदारानं लगेच चष्मा बनवून दिला. ऑपरेशन कधी झालं, एवढं त्यानं विचारलं असतं तरी बरं झालं असतं. पुढच्याच आठवड्यात सर्जननं लेझरनं एक टाका तोडला. वादी उतरली, घर उतरलं. माझ्यासमोर सातव्या आठवड्यात तात्या बसले तेव्हा यंत्रावर होतं 'उणे ०.२५, १८० अंश'. जुना चष्मा आता एक डायॉप्टरनं चुकीचा आणि नवा पाऊण डायॉप्टरनं. दोन्ही चष्मे खरे होते, फक्त आपापल्या दिवशी.

"म्हंजे पुडी अजून बसायली," तात्या म्हणाले.

मी एवढ्या वेळात जे सांगितलं ते त्यांनी चार शब्दांत आवरलं.

किती दिवस बसते? जास्तीत जास्त फरक पहिल्या काही आठवड्यांत असतो. पुष्कळांचा तीन महिन्यांत बराचसा ओसरतो. काहींचा थोडा अंश वर्षभर, क्वचित कायमचाही राहतो. म्हणून कायमचा चष्मा करायचा तो साधारण तीन महिन्यांनी, आणि तोही दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा नंबर काढून सारखा आला तर. टाका तोडायचा बाकी असेल तर तो तुटल्यावर. याला एक अपवाद मी नेहमी करते. ज्यांचा दुसरा डोळा गेलेला आहे आणि ऑपरेशन झालेला डोळा हाच एकुलता एक आधार आहे, त्यांना "तीन महिने थांबा" म्हणणं निर्दयपणाचं आहे. त्यांना त्या दिवसाच्या नंबरची साध्यातली साधी, स्वस्त काच घालून द्यावी, आणि ही काच टाकून द्यायची आहे असं आधीच सांगून ठेवावं.

बाकीची ऑपरेशनं थोडक्यात. थेंब आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी दोन्ही थकली, किंवा ती टिकणार नाही असं वाटलं, तर डोळ्यात बारीक नळी आणि तिला जोडलेली पट्टी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅबनं बनवलेली अशी पट्टी बरीच स्वस्त असल्यामुळे आपल्याकडे वापरात आहे. पट्टी बुबुळापासून आठ-दहा मिलिमीटर मागं बसते, त्यामुळे कॉर्नियाच्या कडेला ओढ सहसा कमी बसते. अलीकडे अगदी बारीक उपकरणं कॉर्नियाच्या दोन मिलिमीटरच्या कापातून आतल्या जाळीत बसवतात. त्यानं आकार जवळजवळ हलत नाही, पण प्रेशरही ट्रॅबेक्युलेक्टॉमीइतकं उतरत नाही. सिलिंडर नको म्हणून ऑपरेशन निवडायचं नसतं. नसेला किती प्रेशर परवडतं ते बघून निवडायचं असतं. सिलिंडरला चष्मा आहे, नसेला नाही.

मोतीबिंदू आणि काचबिंदू एकत्र असेल तर मात्र हिशोब जरा गुंतागुंतीचा होतो, आणि तो आपल्याकडे वारंवार येतो. मोतीबिंदूचा बारीक काप कानाच्या बाजूनं घेतला तर आडवी दिशा किंचित सपाट होते. आडवी सपाट होणं म्हणजे उभी तुलनेनं जास्त वाकणं. काचबिंदूचे टाकेही तिकडेच ओढतात, दोघांची बेरीज होते. याउलट शिबिरांत सर्रास होणारं, यंत्राविना केलेलं लहान कापाचं मोतीबिंदू ऑपरेशन वरच्या बाजूनं, सहा-साडेसहा मिलिमीटरच्या बोगद्यातून होतं. तो काप उभी दिशा सपाट करतो. तिथंच काचबिंदूचे टाके पडले तर एक वादी चढवतो, दुसरा उतरवतो. शेवटी सूर कुठं लागेल, ते पेशंटला आधी सांगणं अवघड.

आणि कृत्रिम भिंगाचा नंबर. तो काढायला डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वाकण, ही दोन मापं लागतात. जुन्या, सोप्या सूत्रात भिंगाच्या एका ठरावीक आकड्यातून लांबीच्या अडीचपट आणि वाकणीच्या ०.९ पट वजा करतात. आज याहून सुधारित सूत्रं आहेत, पण कल्पना यायला हे पुरेसं आहे: लांबीत एक मिलिमीटर चुकलं तर अडीच डायॉप्टर, वाकणीत एक डायॉप्टर चुकलं तर जवळजवळ एक. काचबिंदूच्या ऑपरेशननंतर या दोन्ही गोष्टी हलतात. वाकण कशी हलते ते पाहिलंच. लांबी का हलावी? प्रेशर २८ वरून १२ वर आलं की हवा थोडी कमी केलेल्या चेंडूसारखा डोळा किंचित आखूड होतो. फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा, पण अडीचनं गुणला की जाणवतो. म्हणून आधी काचबिंदू आणि मग मोतीबिंदू असं ठरलं असेल तर बहुतेक सर्जन मध्ये काही महिने जाऊ देतात. लवकर हात लावला तर तो फुगाही बुजण्याची भीती असते, ते कारण वेगळंच. सिलिंडर भरून काढणारी महागडी टोरिक भिंगं असतात, तीही नंबर स्थिर व्हायच्या आत बसवली तर दिशा चुकते. जाहिरात बघून मागू नयेत. आधी डॉक्टरांना विचारावं, "माझा सिलिंडर थांबलाय का?"

माझ्या खोलीतली एक बारीक गोष्ट इथं सांगते. प्रेशर मोजायचं जे यंत्र प्रमाण मानतात, गोल्डमनचं, ते कॉर्नियाला हलकं टेकवून सपाट करतं आणि लागलेला जोर मोजतं. कॉर्निया भज्यासारखी लांबट असेल, तीन डायॉप्टरहून जास्त, तर हे माप चुकतं. म्हणून त्याच्या काचेच्या पकडीवर ४३ अंशाला एक लाल खूण असते, तिथं काच फिरवून माप घ्यायचं. ती खूण कशासाठी आहे हे शिकवून मी तीन शिकाऊ मुलं तयार केली. दोघं विसरली.

आता गंभीर भाग. अंधुक दिसण्याचं प्रत्येक कारण सिलिंडर नसतं, आणि "डोळा अजून बसतोय, होईल बरं" असं म्हणत घरी बसणं कधी कधी महागात पडतं. निचरा जास्त होऊन प्रेशर फार खाली गेलं तरी धूसर दिसतं, तेव्हा आतल्या पडद्याला सुरकुत्या पडू शकतात. ऑपरेशननंतर बाहुली मोठी करणारे थेंब देतात, त्यानं जवळचं दिसत नाही, थेंब थांबले की ते जातं. मोतीबिंदू असेल तर तो या ऑपरेशननंतर लवकर पिकतो. फुग्यामुळे अश्रू सगळीकडे नीट पसरत नाहीत आणि डोळा कोरडा पडून चरचरतो. यातलं काय आहे ते डोळ्यात बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, फोनवर तर मुळीच नाही.

सिलिंडरची सावली एक ओळख ठेवून येते. ती दुखत नाही, लाल करत नाही, रोज साधारण सारखी असते, आणि बारीक भोकातून बघितलं तर बरीच कमी होते. पोस्टकार्डाला टाचणीनं भोक पाडून त्यातून एका डोळ्यानं कॅलेंडर बघा. अक्षर सुधारलं तर दोष बऱ्याच अंशी काचेच्या आकाराचा आहे. पण हा घरचा खेळ झाला, तपासणी नव्हे. डोळा लाल झाला, दुखू लागला, पू किंवा घाण आली, उजेड सहन होईना, दिसणं एकाएकी कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, रात्र झाली तरी. त्या फुग्यावरचं आवरण फार पातळ असतं आणि त्यातून जंतू आत शिरले तर डोळा जाऊ शकतो. ही भीती पहिल्या महिन्यापुरती नाही. ऑपरेशनला पाच-दहा वर्षं झाल्यावरही असं होतं. म्हणून डोळा चोळायचा नाही, आणि बागेत फवारणी किंवा उसाच्या फडात तोडणी चालू असेल तर साधा बंद गॉगल लावायचा. तात्यांना हे मी तीनदा सांगितलं, कारण "बाग मुलगा बघतो" म्हणणारे सगळे तात्या सकाळी सहाला बागेतच असतात.

आपल्या भागाला डोळ्याच्या ऑपरेशनांची सवय तशी जुनी आहे. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली सुरू झालं, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ पासून आहे, आणि कर्नाटकातूनही माणसं उपचाराला मिरजेलाच उतरतात. त्याच मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बसलेत, २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. नवी तार चढवली की ती लगेच सुरात राहत नाही, उतरत राहते, पुन्हा पुन्हा जुळवावी लागते, हे तिथं कुणालाही माहीत असतं. स्टेशनजवळच्या एखाद्या दवाखान्यात त्याच माणसाला डोळ्याबद्दल हेच सांगितलं, तर तो चिडतो.

तात्यांना त्या दिवशी मी चष्मा दिला नाही. दोन्ही चष्मे पिशवीत घालून परत पाठवलं आणि सांगितलं, डावा डोळा चांगला आहे, जुनाच चष्मा लावून तेवढं निभवा, आणि महिन्या-दीड महिन्यानं या.

ते चौथ्या महिन्यात आले, गणपती झाल्यावर. प्रेशर १३. यंत्रावर 'उणे ०.५०, ९० अंश', आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं तेव्हाही तेच. आधीचा नंबर होता पाऊण, ९० अंश. म्हणजे पुडी जिथून निघाली होती, जवळजवळ तिथंच येऊन बसली होती, पावाचा फरक ठेवून. मी म्हटलं, "तात्या, नवी काच करायची गरज नाही. तुमचा जुना चष्मा लावा, बघू."

तात्या जरा गप्प झाले. मग मुलाकडे बघून म्हणाले, "त्यो तर मी पेटीवाल्या आबाला दिला."

"का?"

"त्याला त्यातनं लई झ्याक दिसतंय म्हनला."